कानवाला मिस्त्री

९ जानेवारी १९८३, रविवार. लातूर

बसवराजअप्पांच्या आडतीवरून ही डायरी मिळाली. दर साली ते मोठ्या गिऱ्हाइकांना देतात. यंदा बाजारात धान्यच आले नाही, म्हणून डायऱ्या उरल्या असतील आणि माझा नंबर लागला असेल. "लिहीत जा, देवदान मिस्त्री," म्हणाले. "आता तुमी जिल्ह्याच्या ठिकाणचे माणूस झाले."

जिल्हा होऊन पाच महिने झाले, पण कचेरीतले छापील कागद अजून जुन्या जिल्ह्याचेच आहेत. कारकून 'उस्मानाबाद'वर काट मारतो आणि बाजूला 'लातूर'चा रबरी शिक्का उठवतो. माझ्या हुकुमावरही तसाच शिक्का आहे. सार्वजनिक विहिरी खोल करायचे काम. कारकून तोंडाने आठ विहिरी म्हणाला, कागदावर सात लिहिल्यात. टाइप करणाऱ्याची चूक असावी. कागदापेक्षा माझा माझ्या कानावर भरवसा जास्त.

बाप दगडोबा आयुष्यभर सहीच्या जागी अंगठा उठवत गेला. मी मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत गेलो आणि बाराव्या वर्षी दुसऱ्यांच्या विहिरीत उतरलो. पहारी धरल्या, सुरुंग ठासले, वात पेटवून पळालो. आज माझी स्वतःची यारी आहे. ती विहिरीच्या काठावर उभी राहते आणि इंजिनाच्या जोरावर तळातला दगड वर ओढून काढते. हे सगळे देवाच्या कृपेने आणि माझ्या कानाने झाले. देगलूरकडे एका विहिरीत कडा तडकल्याचा आवाज मी एकट्याने ऐकला आणि तिघांना वर घेतले. चौथा श्वास घ्यायच्या आत कडा कोसळला. तेव्हापासून लोक 'कानवाला मिस्त्री' म्हणतात. मीही त्यांना अडवत नाही.

१७ जानेवारी, सोमवार. हरणवाडी

पहिली विहीर. साठ फूट खोल, तळाला नुसता चिखल. बाया वाटीने पाणी भरतात. एक घागर भरायला तास जातो, आणि वाटी खरवडली की दगड बोलतो.

माझी माणसे तीच. तळाला नरसिंग. त्याच्यासारखा दगड फोडणारा चार तालुक्यांत नाही. त्याची बायको शिवगंगा काठावर टोपले वाहते. यारीवर उदगीरकडचा शंकरप्पा. गळ्यात लिंग, तोंडात एक शिवी नाही, पण टोमणे असे की त्यापेक्षा शिवी बरी.

आमची रीत सोपी आहे. इंजिनाच्या धडधडीपुढे शंकरप्पाला तळाची हाक ऐकू येत नाही. म्हणून काठावर पोटावर पडून मी कान विहिरीत लावतो. नरसिंग "ओढा" म्हणाला की मी हात वर करतो, शंकरप्पा साखळी वर घेतो. "सोडा" म्हणाला की हात खाली, साखळी ढिली. दोनच शब्द. सगळा जीव त्यांच्यावर.

आज उतरताना नरसिंग म्हणाला, "तुमचा कान हाय म्हणून उतरतो, मिस्त्री. न्हाईतर आमच्या आईनं येकच पैदा केलाय."

"एवढाच पुरे झाला असेल तिला," मी म्हणालो. सगळे हसले. शिवगंगाही.

३० जानेवारी, रविवार. लातूर

घरी आलो. मार्था म्हणाली, "उद्या ऊन येऊन राहिलं नांदेडहून." मी म्हटले, "येऊ दे, पापड टाका वाळत." ती हसता हसता खाली बसली. सून येऊन राहिली म्हणत होती. तिचे पुढचे दोन दात पडल्यापासून शब्द फुसकन निसटतात. तिला म्हणालो की दात बसवून घे.

दुष्काळाने चिमण्याही गेल्या. पूर्वी वळचणीला केवढा कालवा असायचा. मार्थाला तसे म्हटले, तर तिने वर वळचणीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि पीठ मळायला गेली.

२० फेब्रुवारी, रविवार. लातूर

चर्चमध्ये नवा भोंगा बसवला आहे. पैसे वाया गेले, काही धड कळत नाही. पाळकसाहेबांनी आज काय सांगावे? "माणूस अशक्त असतो, तेव्हाच तो अशक्त असतो." तीन वेळा म्हणाले. एवढे सांगायला उपासना कशाला भरवायची? पण लोक माना हलवत होते. मार्थाने डोळ्याला पदर लावला. मग मीही मान हलवली. यंदा शेतातच काही उगवले नाही, पाळकांच्या डोक्यात तरी कुठून उगवणार!

लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. पोटात नसले की आवाज बसतो, त्यांचा दोष नाही. परवा शंकरप्पा काहीतरी सांगत होता. मी दोनदा "काय?" म्हटले. तर म्हणतो, "इंजिन बंद करून सांगू का, मिस्त्री?" इंजिन बंदच होते. वात्रट माणूस.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

नरसिंग पडला.

तो ओढा म्हणाला. मी हात वर केला. शंकरप्पाने ओढले. साखळीचा फास दगडाला नीट बसला नव्हता, त्याच्या पायात अडकला होता. दगड आणि तो बरोबरच वर आले. पुरुषभर उंचीवर फास सुटला. आधी तो पडला, मग दगड पडला.

शिवगंगा टोपले टाकून काठाकडे धावली. ती ओरडत होती. तिचे तोंड उघडलेले मला दिसत होते.

ट्रॅक्टरमध्ये घालून लातूरला आणले. त्याचे रक्त माझ्या धोतरावर आहे.

तो ओढा म्हणाला. लिहून ठेवतो. ओढा म्हणाला.

२४ फेब्रुवारी, गुरुवार. हरणवाडी

डावा पाय गुडघ्याखाली काढला.

चावडीत पंचनामा झाला. जमादाराने विचारले, कोण काय ओरडले?

शंकरप्पा म्हणाला, "मला इंजिनापुढं कायबी ऐकू येत न्हाई, साहेब. मी फकस्त मिस्त्रीचा हात बगतो."

शिवगंगा म्हणाली, "त्यो सोडा म्हनला. मी ऐकलं. ह्या चौघींनी बी ऐकलं."

त्या चार बाया जमिनीकडे पाहू लागल्या. त्यांना उद्या माझ्याच कामावर यायचे आहे. सरपंच अण्णाराव हसून म्हणाले, "कानवाल्या मिस्त्रीला ऐकू आलं न्हाई, आन टोपलंवालीला आलं व्हय?" मग चावडी हसली.

कागदावर लिहिले गेले की मजुराने चुकीची हाक दिली. मी सही केली. बापाला सही येत नव्हती. आज पहिल्यांदा वाटले, त्याचे बरे होते.

३ मार्च, गुरुवार. लातूर

मार्थाला घेऊन दवाखान्यात गेलो. मोसंबी नेली होती.

नरसिंग निम्मा झाला आहे. मला पाहून उठायला लागला. म्हणाला, "मिस्त्री, मी पडल्यापडल्या लई इचार केला. मीच ओढा म्हनलो आसन. जीभ फिरली आसन."

"आराम कर," मी म्हणालो.

"तुमच्या कानाला उगंच बट्टा लागला. माफ करा."

त्याने हात जोडले. मी एक मोसंबी सोलली, मग दुसरी. सगळी सोलून ठेवली. त्याने एक फोडही खाल्ली नाही.

शिवगंगा पाठमोरी बसून चादर नीट करत होती. ती काहीतरी पुटपुटली. मी "काय?" म्हटले. तिने न वळता पुन्हा तेच म्हटले. मी आपले "बरं" म्हणालो. आसपासच्या खाटांवरची माणसे माझ्याकडे बघायला लागली. मार्थाने माझा दंड धरला आणि बाहेर आणले. रस्ताभर ती बोलली नाही. निदान मला तरी ऐकू आले नाही.

११ मार्च, शुक्रवार. लातूर

किनवटकडे तलावाच्या कामावर एक टोळी निघाली होती. शिवगंगा त्यांच्याबरोबर जायला गेली, तर मुकादमाने परत पाठवले. आमच्या धंद्यात चुकीची हाक देणाऱ्याला कुणी जवळ करत नाही आणि त्याच्या घरच्यांनाही करत नाही. पायासकट नरसिंगचे नावही गेले.

सकाळी दाढी करत होतो. आरशात मागे मार्था दिसली. तिचे ओठ हलत होते. मला वाटले, प्रार्थना करत असेल. मग ती पुढे येऊन उभी राहिली.

"दोन वर्सं झाली," ती म्हणाली. "मी मागून बोलते आन तुमी गप राहता. आधी वाटायचं, राग हाय माझ्यावर."

"तुझे दात..."

"माझ्या दाताचं सोडा. चिमण्या कुठंबी गेल्या न्हाईत. वर बगा."

वळचणीला दोन चिमण्या बसल्या होत्या. त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या.

अर्ध्या गालाला साबण तसाच राहिला. मी विचारले, "दवाखान्यात शिवगंगा काय म्हणाली?"

मार्थाने आधी टॉवेलने माझा गाल पुसला.

"ती म्हनली, नवऱ्याचं 'सोडा' तुमाला ऐकू आलं न्हाई, निदान माझं तरी ऐकू येतंय का?"

आणि मी "बरं" म्हणालो होतो.

१५ मार्च, मंगळवार. नांदेड

लातुरात सगळे ओळखतात, म्हणून मुदखेडला पाहुण्यांकडे जातो असे सांगून नांदेडला आलो. इथे कानाची एक डॉक्टरीण आहे. तिने तोंडापुढे पुठ्ठा धरला. ती शब्द म्हणायची, मी लिहायचे. ती 'साल' म्हणाली, मी 'आल' लिहिले. ती 'सात' म्हणाली, मी 'आठ'. 'सून'चे 'ऊन'. तिने कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "समोरासमोर तुम्ही ओठ पाहून ओळखता. तुम्हाला स्वतःलाही ते माहीत नसेल."

मी म्हणालो, "बाई, पुठ्ठा धरून एक शब्द म्हणा. सोडा."

तिने म्हटला. काय म्हणणार ते मला ठाऊक होते, मीच सांगितले होते. तरी कानात आले ते 'ओढा'.

"सुरुंगाचं काम किती वर्षं?" तिने विचारले.

"एकतीस."

"जाड आवाज राहतील. बारीक गेले. ते परत येत नाहीत."

बसमध्ये प्रार्थना केली. प्रभू, कान परत दे. दिलास तर नरसिंगचे खरे काय ते सांगतो. अहमदपूर येईपर्यंत तीन वेळा केली. तिसऱ्यांदा ध्यानात आले की मी देवाशीही ठेका ठरवून राहिलो आहे.

२० मार्च, रविवार. लातूर

लोक गेल्यावर पाळकसाहेबांजवळ थांबलो. सगळे सांगितले. अगोदर दुसरेच विचारले होते, "त्या रविवारी तुम्ही म्हणालात की अशक्त असतो तेव्हाच अशक्त असतो. त्याचा अर्थ काय?"

त्यांना आधी हसू आले. मग माझे तोंड पाहून ते मावळले. उपासनेच्या कागदामागे त्यांनी पेन्सिलने दोन शब्द लिहिले. एक 'अशक्त', दुसरा 'सशक्त'. दुसऱ्यातला 'स' मोठा काढला.

सशक्तमधलाही 'स' गेला होता.

मी विचारले, देवाने हे का केले? ते म्हणाले, "देवावर घालू नका. कान सुरुंगानं नेला आणि लपवला तुम्ही."

"मला ठाऊक नव्हतं."

"दोन वर्षं?"

ठाऊक नव्हते हे खरे. ठाऊक करून घ्यायचे नव्हते, हे जास्त खरे.

"मी तीनदा मागितलं," मी म्हणालो.

"ते वाक्य ज्या प्रेषिताचं, त्यानंही देवाकडं तीनदाच मागितलं होतं. त्याचंही दुखणं काढलं नाही."

"मग काय दिलं?"

"सोबत." त्यांनी खुर्ची पुढे ओढली, माझ्या डोळ्यांपुढे बसले आणि सावकाश बोलले. बहिऱ्याशी कसे बोलावे ते त्यांना लगेच जमले. "तुमची सगळी ताकद तुम्ही कानात ठेवली होती, देवदानराव. तिनं एका माणसाचा पाय घेतला. आता तिच्याशिवाय उभं राहून बघा."

"पडलो तर?"

"पडालच. जमिनीवर आधीच एक जण पडलेला आहे. त्याच्या शेजारी पडाल."

२९ मार्च, मंगळवार. हरणवाडी

जमादाराला, सरपंचांना, सगळ्यांना चावडीत बोलावले. शंकरप्पाला म्हणालो, माझ्या मागे उभा राहा आणि हळू आवाजात मनाला येतील ते दहा शब्द बोल. तो बोलेल, मी ओळखेन. लोकांना वाटले, कानवाला मिस्त्री जादूचा खेळ करतोय. पुढे बसायला रेटारेटी झाली.

पहिले दोन शब्द चुकले तेव्हा हशा पिकला. चौथ्याला कुणी हसले नाही. सातवा शब्द शंकरप्पाने म्हटला की नाही, तेही मला कळले नाही.

मी म्हणालो, "नरसिंग सोडाच म्हणाला. शिवगंगाबाईनं खरं सांगितलं. मी बहिरा आहे."

"मंग सही कशाला केली?" अण्णारावांनी विचारले. आता ते हसत नव्हते.

"भ्यालो."

जमादाराने नवा जबाब घेतला. गुन्हा माझ्यावर नोंदवायचा की नाही ते वरून ठरेल. जूनमधली तारीख दिली आहे. काम बंद. शंकरप्पा माझ्यापुढे आला, मला दिसेल असे बोलला, "मी तुमच्या हाताकडं बगून त्येचा पाय तोडला." इंजिनाचे हँडल माझ्या पायाशी ठेवले आणि उदगीरच्या रस्त्याला लागला. शिवगंगा टोपले उचलून गेली.

मला वाटले होते, खरे बोलले की अंगात बळ येईल. काही आले नाही. ताप आला.

२१ एप्रिल, गुरुवार. लातूर

सकाळी दारात अण्णाराव. मागे कुबडीवर नरसिंग, त्याच्यामागे शिवगंगा.

अण्णाराव म्हणाले, साऱ्या जिल्ह्यात एक यारी रिकामी नाही. टँकर आठवड्यातून एकदा येतो. त्यांच्या विहिरीत बाया अजून वाटी खरवडून राहिल्यात. कचेरीत ते स्वतः जाऊन आले. साहेब म्हणतो, कान दुसऱ्याचा असेल तर काम करा.

"तळाला कोण उतरणार?" मी म्हणालो. "माझ्या विहिरीत आता कुणी उतरत नाही."

"तुमी," नरसिंग म्हणाला.

मार्था आतून बाहेर आली.

"तुमी खाली जायचं. मी काठावर बसणार, तुमच्या जाग्यावर. कान माजा. शंकरप्पाला मी निरोप धाडलाय, त्यो यील." त्याने कुबडी दुसऱ्या बगलेत घेतली. "मी तुमाला माफ केलं न्हाई, मिस्त्री. दवाखान्यात मी तुमची माफी मागितली आन तुमी मोसंबी सोलीत बसलात. ते माज्या डोसक्यातून जात न्हाई."

"मग येतोस कशाला?"

"दुसऱ्या कुनाला माजी हाक खरी वाटत न्हाई. आन मला आता दुसऱ्या कुनाच्या कानावर भरवसा न्हाई, माज्याच हाय."

मी शिवगंगाकडे पाहिले. ती सरळ माझ्याकडे पाहत होती. तोंड पुढे करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "ऐकू, आलं, का?"

"आलं," मी म्हणालो.

१२ मे, गुरुवार. हरणवाडी

तळाला आज सोळावा दिवस. सत्तर फुटांवर काळा पाषाण लागला. अठरा वर्षांनी पहार हातात घेतली आहे. तळहाताची साल गेली. उन्हात विहिरीचा तळ म्हणजे भट्टी. वर पाहिले की परातीएवढे आभाळ दिसते. त्याच्या कडेला नरसिंगचे डोके, कुबडीचे टोक, आणि हात. इंजिन मला अंगातून कळते. माझी हाक मला अर्धीच कळते. माझ्या तोंडातला 'स' वर पोचतो की नाही, हे मला कधीच कळणार नाही. दर वेळी तो सोडून द्यायचा आणि वाट पाहायची. प्रार्थनेचेही तसेच असते, हे मला इतकी वर्षे ठाऊक नव्हते.

दुपारी एका मोठ्या दगडाला फास घातला आणि "ओढा" म्हटले. साखळी ताणली, दगड हलला, फास घसरला आणि माझ्या मनगटावर बसला. दगडाचा भार आणि मधे माझा हात.

"सोडा!" मी ओरडलो.

वर नरसिंगचा हात तसाच होता. उभा.

दगड कपारीत अडकला होता; साखळी वर जात नव्हती, खालीही येत नव्हती. हाड करकरलेले मला अंगातून कळले. पुन्हा ओरडलो नाही. का नाही, ते सांगता येत नाही. मी फक्त त्या हाताकडे पाहत राहिलो. माझ्याकडे दुसरे काही नव्हते. कान नव्हता, नाव नव्हते, वर कुणावर हुकूम नव्हता. ओरडणार तरी कुणाच्या जोरावर? भीती होती, पण त्या भीतीत मी एकटा नव्हतो. एवढेच लिहिता येते.

मग हात खाली आला. साखळी ढिली होऊन माझ्या खांद्यावर पडली.

वर आलो. मनगट सुजले आहे, मोडले नाही. शिवगंगाने ओले फडके बांधले. शंकरप्पा इंजिनाआड तोंड करून उभा होता. मी नरसिंगच्या समोर बसलो, त्याचे ओठ दिसतील असा.

"ऐकू यायला वेळ लागला का?" मी विचारले.

"न्हाई," तो म्हणाला. "ऐकू लगीच आलं."

त्याने आपला उजवा हात मांडीवर ठेवला होता. मी माझा बांधलेला हात त्याच्या शेजारी ठेवला.

पाणी अजून नाही. पाषाण आणखी किती आहे, कुणाला ठाऊक. सकाळी उतरायचे आहे. नरसिंग म्हणाला, लवकर या, ऊन चढायच्या आत. मी त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतले. सून नव्हे, ऊनच.